कोल्हापुरांत सांपडलेला समुद्रदेव व त्याचा देश

(गांवच्या वाचनालयांत एका मराठी शाळेच्या शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय पाटीवर लिहिलेला पाहून पुष्कळांनीं मला विचारलें, "गुरुजी, ग्रीस देशाचा भूगोल ऐकून आमच्या उसाला पाणी मिळणार आहे काय?" मिळणार नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. परंतु ज्या देशाविषयीं मी बोलणार आहें, त्या देशाचा एक देव आपल्या शेजारीं कोल्हापुरांत शेंकडों वर्षें मातींत पुरून पडला होता. शिवाय त्या देशांतल्या कुणब्यांची जी कहाणी आहे, ती आपल्या कुणब्यांनीं ऐकण्यासारखी आहे. एवढ्या दोन कारणांसाठीं तासभर बसा, म्हणजे झालें.

पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४४ ते १९४६ या काळांत खोदकाम झालें. सातवाहन राजांच्या काळची वस्ती मातीखालीं दडलेली निघाली, आणि कांशाच्या वस्तूंचा एक सांठा हातीं लागला. त्यांत भांडीं होतीं, आरसा होता, आणि वीतभरसुद्धां उंच नाहीं अशी एक उभ्या पुरुषाची मूर्ति होती. दाढी राखलेली, अंग पिळदार, एक हात उंच केलेला. त्या हातांतला त्रिशूळ केव्हांच गळून गेला आहे. त्रिशूळ म्हटला कीं आपल्याला महादेव आठवतो, पण हा महादेव नव्हे. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. मूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत ठेवलेली आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातों तेव्हां तेथून ती फार लांब नाहीं, पण तिकडे पाय वळतो कोणाचा?

लिसिपस नांवाचा एक मोठा मूर्तिकार इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत होऊन गेला. त्यानें घडविलेल्या पोसायडनच्या धर्तीवर ही लहान मूर्ति ओतलेली आहे, असें जाणकार मानतात. हा लिसिपस सिक्यॉन गांवचा, आणि सिक्यॉन हें पेलोपोनेसस नांवाच्या द्वीपकल्पांतील गांव. तेंच द्वीपकल्प आजचा आपला विषय.

तिकडे जाण्यापूर्वीं एका शब्दाचा गोंधळ निस्तरला पाहिजे. तो शब्द यवन. आपल्या बखरींत आणि पोथ्यांत यवन म्हणजे मुसलमान असा अर्थ रूढ झाला, आणि त्यावरून पुष्कळ नसतीं भांडणेंहि झालीं. मूळ अर्थ तो नव्हे. ग्रीक लोकांची एक शाखा आयोनियन म्हणून होती. इराणी लोक तिला यौन म्हणत, त्यावरून आपल्याकडे योन आणि यवन हे शब्द आले. अशोकाच्या शिलालेखांत योन आहेत, आणि तेव्हां इस्लाम धर्माचा उदय व्हायला आठ-नऊशें वर्षें अवकाश होता.

हे यवन आपल्या मुलखांत नुसते येऊन गेले नाहींत, कांहीं येथें राहिले. कार्ल्याच्या लेण्यांत जे खांब आहेत त्यांतल्या कित्येकांवर धेनुकाकट नांवाच्या गांवच्या यवनांनीं दिलेल्या दानाचे लेख आहेत. एकाचें नांव सिहधय, दुसऱ्याचें धम्म. नांवें पाहिलींत ना? पार इथलींच झालीं होतीं. त्यांचें मूळ घर ग्रीसच्या कोणत्या कोपऱ्यांत होतें हें त्या नांवांवरून निघत नाहीं, आणि सगळे यवन पेलोपोनेससचे होते असें म्हणणें चुकीचें होईल. जुन्नरला इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं खोदून दिलीं आणि चिट नांवाच्या यवनानें भिक्षूंसाठीं भोजनाचा मंडप दिला.

मला त्या लेण्यांत यवनांपेक्षांहि दुसरीं नांवें वाचून अधिक आनंद होतो. कार्ल्याच्या त्याच चैत्याचें दार ज्यानें केलें तो सामी नांवाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. त्याचें नांव दगडांत कोरलेलें आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें, म्हणजे त्यांच्या पंचायतीनें म्हणा, एक लेणें आणि टांकें दिलें. नाशिकला उषवदातानें विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि हजारावर पाऊण असें व्याज ठरलें होतें. हा उषवदात म्हणजे नहपान राजाचा जांवई. राजाचा जांवई कोष्ट्याच्या दारीं पैसे ठेवायला जात होता, हें आपल्या कोष्टी बांधवांनीं घरीं जाऊन मुलांना सांगावें.

आपलें कऱ्हाडहि या व्यवहारांत मागें नव्हतें. मध्य प्रदेशांत भारहुत म्हणून ठिकाण आहे. तेथील बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास करहकट निगमाचें दान म्हणून लेख कोरलेला आहे. करहकट म्हणजे आपलें कऱ्हाड, आणि निगम म्हणजे बाजारपेठेचें गांव. एका माणसानें नव्हे, साऱ्या पेठेनें वर्गणी करून हजार किलोमीटरहून लांबच्या जागीं दान पाठविलें. एवढी ज्या पेठेची ऐपत, तिच्या समोरच्या आगाशिवाच्या डोंगरांत साठांहून अधिक लेणीं खोदलीं गेलीं यांत नवल काय?

आतां कोल्हापूरला तो देव आला कसा? मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून गलबतें निघत आणि आपल्या पावसाळी वाऱ्यावर शीड उभारून थेट इकडे येत. पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें या प्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे. तींत कल्याण बंदर आहे, पैठण आहे, तेर आहे. इकडून मिरें, कापड, मौल्यवान खडे जात. तिकडून मद्य, कांशाच्या वस्तु, सोन्यारुप्याचीं नाणीं येत. बंदरावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. समुद्राचा देव, पण शेवटचा प्रवास त्याला बैलाच्याच पाठीवर करावा लागला.

आतां प्रत्यक्ष त्या देशाकडे वळूं. आपला पंजा बोटें खालीं करून समोर धरा. मनगट वर, उजव्या अंगाला थोडें वळलेलें. हें झालें पेलोपोनेसस. मनगट म्हणजे ज्या चिंचोळ्या पट्टीनें तें बाकीच्या ग्रीसला जोडलेलें होतें ती संयोगभूमि. तळहात म्हणजे मधला डोंगराळ आर्केडिया. आणि खालीं समुद्रांत घुसलेलीं बोटें म्हणजे त्याचीं दक्षिणेकडचीं भूशिरें. क्षेत्रफळ सुमारें साडेएकवीस हजार चौरस किलोमीटर. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र केले तर एकोणीस हजार होतात. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत एखादा मोठा तालुका मिळवावा, एवढाच तो मुलूख. अर्ध्या जगाच्या इतिहासांत ज्याचें नांव दुमदुमतें तो देश एवढासा आहे, हें मुलांना सांगितलें म्हणजे तीं विश्वास ठेवीत नाहींत.

पाऊसपाण्याचें म्हणाल तर त्याची विभागणी आपल्यासारखीच आहे. आपल्याकडे महाबळेश्वर आणि पाटणला मुसळधार, तर माण, आटपाडी, जत कोरडे, कारण मध्यें सह्याद्रि उभा आहे. तिकडेहि डोंगराच्या पश्चिमेला पाऊस बरा आणि पूर्वेला कमी. फरक एवढाच कीं त्यांचा पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा सगळा कोरडा जातो. म्हणून पेरणी आपल्या रबीच्या वेळेला, आणि पीक उन्हाळा लागतांना निघतें. त्यांतहि गव्हापेक्षां जवावर भिस्त जास्त. उरलेल्या खडकाळ उतारावर ऑलिव्ह, अंजीर आणि द्राक्षें. ऑलिव्ह हें झाड त्यांचें करडईचें शेतच समजा. खाण्याचें तेल त्याचें, दिव्याचें तेल त्याचें, अंगाला चोळायलाहि तेंच.

खडक मात्र आपल्यासारखा काळा फत्तर नव्हे. तो पांढरट चुनखडीचा. या दगडाला भोंकें पडतात आणि पाणी जमिनीच्या पोटांत शिरतें. आर्केडियांत कित्येक ओढे वाहतां वाहतां एकाएकीं भुईंत गडप होतात आणि डोंगरापलीकडे झरा होऊन बाहेर येतात. अशा मुलखांत शेती थोडी आणि मेंढरें फार. माणदेशांतले आपले धनगर बंधु तेथें गेले असते, तर भाषेखेरीज त्यांना परकें कांहीं वाटलें नसतें.

सर्वांत मोठा डोंगर टेजेटस. उंची सुमारें चोवीसशें मीटर. आपलें कळसूबाईचें शिखर सोळाशें सेहेचाळीस. हा टेजेटस दक्षिणेकडच्या दोन खोऱ्यांच्या मधोमध भिंतीसारखा उभा आहे. पूर्वेला युरोटस नदीचें खोरें, तेथें स्पार्टा. पश्चिमेला मेसीनिया, त्या सगळ्या द्वीपकल्पांतली उत्तम सुपीक जमीन. डोंगराच्या एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला चांगली जमीन. पुढें काय झालें असेल तें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. पण तें थोडें मागून सांगतों.

आधीं मनगटाची गोष्ट. ती संयोगभूमि अवघी सहा किलोमीटर रुंद आहे. इकडे एक समुद्र, तिकडे दुसरा. गलबतानें वळसा घालायचा तर सगळें द्वीपकल्प फिरून यावें लागे, आणि दक्षिणेच्या टोंकाला वादळें फार. म्हणून कॉरिंथच्या लोकांनीं इसवी सनापूर्वीं सहाशेंच्या सुमारास एक फरसबंदी वाट बांधली आणि तिच्यावरून माल व हलकीं गलबतें या समुद्रांतून त्या समुद्रांत ओढून नेऊं लागले. दगडांत चाकोऱ्या पडलेल्या आहेत, त्या आजहि दिसतात. कॉरिंथ श्रीमंत झालें तें या चाकोऱ्यांवर. इसवी सन ६७ मध्यें रोमचा बादशहा नीरो यानें येथें कालवा खणायला सोन्याच्या कुदळीनें पहिला घाव घातला. पुढचे घाव घालायला हजारों यहुदी कैदी आणले होते. बादशहाचा घाव एकच असतो. नीरो पुढल्याच वर्षीं मेला आणि काम बंद पडलें. कालवा खरा पुरा झाला तो १८९३ सालीं. तेव्हांपासून पेलोपोनेसस हें एका अर्थीं बेटच झालें आहे, पण भूगोलाचीं पुस्तकें त्याला अद्याप द्वीपकल्पच म्हणतात.

याच पट्टीवर पोसायडनचें मोठें देऊळ होतें. दोन समुद्रांच्या मधली जागा, समुद्रदेवाला याहून योग्य ती कोणती?

त्याची पूजा किती जुनी, याचा पुरावा मोठ्या गमतीनें मिळाला. मेसीनियाच्या किनाऱ्यावर पायलॉस म्हणून जागा आहे. तेथें १९३९ सालीं अमेरिकन विद्वान ब्लेगन यानें एक जुना राजवाडा खणून काढला, आणि त्यांत मातीच्या शेंकडों पाट्या मिळाल्या. लिपि कोणाला लागेना. ती १९५२ सालीं लावली मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज तरुणानें. हा कांहीं पंडित नव्हता, घरांचे नकाशे काढण्याचा त्याचा धंदा. राजांचे पराक्रम, देवांचीं स्तोत्रें, असें कांहीं तरी वाचायला मिळेल, असें सर्वांना वाटलें होतें. निघालें काय? कुळकर्ण्याचें दप्तर! अमक्या गांवच्या इतक्या बाया कापड विणण्याच्या कामावर, त्यांचीं मुलें इतकीं, त्यांना धान्य इतकें आणि अंजीर इतके. अमक्या गांवच्या लोहारांना कांसें इतकें वजन दिलें, अमक्यांना दिलें नाहीं. पोसायडनच्या नांवें नैवेद्य इतका. क्रेट बेटावर याच लिपीच्या ज्या पाट्या मिळाल्या त्यांत बैलांच्या जोड्यांचीं नांवेंसुद्धां आहेत, आणि त्यांतल्या एका बैलाचें नांव काळ्या अशाच अर्थाचें आहे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वींचा काळ्या बैल! ते राजे गेले, त्यांच्या वाड्याला इसवी सनापूर्वीं बाराव्या शतकाच्या आरंभीं आग लागून सर्व खाक झालें. त्याच आगींत कच्च्या मातीच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या आणि म्हणून टिकल्या. विणणाऱ्या बायांचा हिशेब राहिला.

आतां टेजेटसची गोष्ट. इसवी सनापूर्वीं आठव्या-सातव्या शतकांत स्पार्टाच्या लोकांनीं डोंगर ओलांडून मेसीनिया जिंकला. जमीन आपसांत वांटून घेतली आणि ती कसणाऱ्या मूळच्या कुणब्यांना तेथेंच ठेवून हेलॉट केलें. हेलॉट म्हणजे बाजारांत विकत घेतलेला गुलाम नव्हे. तो त्याच मातींतला माणूस, त्याचा बाप त्याच शेतांत पुरलेला. फक्त शेत आतां त्याचें नव्हतें. स्पार्टाचा एक जुना कवि सांगतो कीं, पिकाचा निम्मा वांटा धन्याच्या घरीं पोंचवावा लागे. अर्धेली आपल्यालाहि ठाऊक आहे. पण अर्धेलींत बोलाचाली होते, बी कोणाचें, बैल कोणाचे तें ठरतें, आणि नाहीं पटलें तर पुढल्या सालीं दुसऱ्याची जमीन धरतां येते. हेलॉटाला ती सोय नव्हती. धनी मेला तर हेलॉटानें बायकामुलांसह शोक करायचा, हीहि सक्ति होती.

स्पार्टाच्या शौर्याचे धडे आपण शाळेंत शिकवितों. मुलाला सातव्या वर्षीं घरांतून काढून पलटणींत घालीत, थंडींत एका वस्त्रावर ठेवीत, आणि माघार हा शब्द त्यांना ठाऊक नसे. हें सर्व खरें आहे. परंतु हे वीर दिवसभर तलवारीची मेहनत करीत होते तेव्हां त्यांची भाकरी कोण पिकवीत होता, हें धड्यांत नसतें. स्पार्टाच्या नागरिकानें नांगराला किंवा तागडीला हात लावणें कमीपणाचें. हत्यारें, भांडीं, जोडे हें सर्व करणारे कारागीर आणि व्यापारी भोंवतालच्या गांवांत राहात. त्यांना भोंवतालचे लोक असेंच नांव होतें. लढाईला त्यांना यावें लागे, पण सभेंत बोलण्याचा हक्क त्यांना नव्हता.

आणि एवढी फौज कशासाठीं? परक्या शत्रूसाठीं नव्हे, आपल्याच शेतांतल्या माणसाच्या भीतीनें. इसवी सनापूर्वीं ४७९ सालीं इराण्यांशीं प्लटीया येथें लढाई झाली तेव्हां दर स्पार्टन शिपायामागें सात हेलॉट होते, असें हिरोडोटस लिहितो. यावरून प्रमाण ध्यानांत येईल. दरवर्षीं नवे अधिकारी जागेवर बसले कीं पहिलें काम म्हणजे हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारायचें. कारण युद्धांत शत्रूला मारलें तर हत्येचें पाप लागत नाहीं. कायदा कसा वांकवावा हें त्या काळींहि चांगलें ठाऊक होतें. थ्यूसिडाइडीस हा काटेकोर इतिहासकार. तो सांगतो कीं, एकदां स्पार्टानें दवंडी दिली, लढाईंत ज्यांनीं मोठा पराक्रम केला त्या हेलॉटांनीं पुढें यावें, त्यांना मुक्त करूं. दोन हजार निवडले. त्यांच्या डोक्यांवर माळा घातल्या, त्यांना देवळांतून मिरविलें. त्यानंतर ते कोणाला दिसले नाहींत. ज्यांच्यांत मान वर करण्याची धमक होती तेवढे नेमके निवडून निघाले होते.

या लोकांना आसरा एकच होता. दक्षिणेकडच्या मधल्या बोटाच्या टोंकाला टेनारम म्हणून भूशीर आहे, तेथें पोसायडनचें देऊळ होतें. देवळाच्या पायरीला हात लावला कीं पळून आलेल्या हेलॉटाला कोणी शिवायचें नाहीं, अशी रीत. एकदां स्पार्टनांनीं ती मोडली आणि आसऱ्याला आलेल्या हेलॉटांना देवळांतून ओढून नेऊन ठार केलें. पुढें इसवी सनापूर्वीं ४६४ च्या सुमारास स्पार्टाला असा भूकंप झाला कीं शहरांत पांचच घरें उभीं राहिलीं, असें प्लुटार्क लिहितो. पोसायडन हा ग्रीकांच्या मतें समुद्राचा तसाच भूकंपाचाहि देव. स्पार्टनांनीं स्वतःच मानलें कीं, हा त्या देवळांतल्या रक्ताचा सूड.

आपण सातारकरांनीं या ठिकाणीं जरा थांबलें पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेच्या खोऱ्यांत काय झालें तें ज्यांच्या घरांतल्या म्हाताऱ्यांनीं पाहिलें त्यांना भूकंप म्हणजे काय तें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं, घरें सपाट झालीं. तेव्हां आपल्याकडेहि कोणाच्या पापानें हें झालें याची चर्चा झाली. शास्त्रज्ञ सांगतात कीं, आपल्याकडील भूकंपाचा संबंध धरणांत सांठविलेल्या पाण्याशीं आहे. पेलोपोनेससचें कारण वेगळें. तेथें आफ्रिकेकडचा भूभाग ग्रीसच्या खालीं सरकत आहे, आणि कॉरिंथचें आखात दरवर्षीं एक-दीड सेंटिमीटरनें रुंदावत आहे. त्याच आखाताच्या कांठचें हेलिकी नांवाचें शहर इसवी सनापूर्वीं ३७३ सालीं एका रात्रींत भूकंपानें आणि लाटेनें बुडालें. गांव पोसायडनच्या देवळाबद्दल प्रसिद्ध होतें. देवाचा कोप म्हणा कीं भूभागाची ढकल म्हणा, दगडमातीची भिंत दोहोंनीं सारखीच पडते. घर बांधतांना कोनाड्याला गुलाबी रंग कोणता द्यावा यापेक्षां भिंतींत आडवा बंध आहे कीं नाहीं हें पाहावें.

भूकंपाचा धुरळा खालीं बसायच्या आंत मेसीनियाच्या हेलॉटांनीं बंड केलें. इथोमी नांवाच्या डोंगरावर त्यांनीं ठाणें केलें आणि कित्येक वर्षें तें सोडलें नाहीं. ग्रीसमधल्या पहिल्या नंबरच्या फौजेला नांगरकऱ्यांचा डोंगर घेतां आला नाहीं. अखेर तडजोड झाली. बायकामुलें घेऊन देश सोडावा, पुन्हां पाय ठेवूं नये. अथेन्सच्या लोकांनीं त्यांना आखातापलीकडे नॉपॅक्टस गांवीं वसविलें. तेथूनहि दोन पिढ्यांनीं त्यांना हाकललें, तेव्हां कोणी सिसिलीला गेले, कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्याला. कोयनेच्या पाण्याखालीं ज्यांचीं गांवें गेलीं आणि जीं घरें मुलुखभर विखुरलीं, त्यांना हें विखुरणें कसें असतें तें कळेल.

स्पार्टाचा शेवट शत्रूनें केला त्याहून अधिक त्यांच्या स्वतःच्या वहीखात्यानें केला. तेथें प्रत्येक नागरिकानें सामायिक पंगतीला धान्याचा ठराविक वांटा द्यायचा, आणि ज्याला जमलें नाहीं त्याचें नागरिकत्व गेलें, असा नियम होता. जमिनी हळूहळू थोड्या घरांत गोळा झाल्या. मग वांटा देणारे कमी झाले, नागरिक कमी झाले, आणि अॅरिस्टॉटलच्या काळापर्यंत हजारहि राहिले नाहींत. इसवी सनापूर्वीं ३७१ सालीं ल्यूक्ट्रा येथें थीब्सच्या लोकांनीं स्पार्टाचा मोड केला. त्यांचा सेनापति एपामिनोंडस दोन वर्षांनीं थेट मेसीनियांत उतरला, हेलॉटांना मोकळें केलें आणि इथोमीच्याच पायथ्याशीं मेसीनी शहर वसविलें. देशोधडीला लागलेल्यांचे पणतू-खापरपणतू सिसिलींतून आणि लिबियांतून परत आले. शंभर वर्षांनीं. त्या शहराची तटबंदी सुमारें नऊ किलोमीटरची, आणि तिचे कांहीं बुरूज आजहि उभे आहेत. स्पार्टाच्या जुन्या शहराला पाहण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नाहीं.

तालमींतल्या पोरांनीं मघापासून ऑलिंपियाची आठवण दिली आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. ऑलिंपिया याच द्वीपकल्पाच्या पश्चिमेला अल्फियस नदीच्या कांठीं. पहिल्या खेळांचें परंपरेनें मानलेलें वर्ष इसवी सनापूर्वीं ७७६. कुस्ती ७०८ पासून. तीनदां पाडलें कीं जिंकली. चीतपट, पाठ टेकली, असा हट्ट नव्हता. बक्षीस म्हणून ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट. गुलामाला आणि परक्याला आखाड्यांत उतरूं देत नसत, म्हणजे हेलॉट कितीहि बळकट असला तरी प्रेक्षकच. बंद पडलेले ते खेळ १८९६ मध्यें अथेन्सला पुन्हां सुरू झाले, आणि १९५२ सालीं हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानचें तें पहिलें वैयक्तिक पदक. जाण्याच्या खर्चासाठीं त्यांना लोकांपुढें हात पसरावा लागला होता, हेंहि पोरांनीं लक्षांत ठेवावें.

पुढें रोमनांनीं इसवी सनापूर्वीं १४६ सालीं कॉरिंथ जाळलें, पुरुष कापले आणि बायकामुलें विकलीं. शंभर वर्षांनीं जूलियस सीझरनें तेथेंच नवें शहर वसविलें. जग एका छत्राखालीं आलें, आणि त्या काळांत कोणा एका ओताऱ्यानें कॉरिंथकडच्या जुन्या पोसायडनची ती लहानशी नक्कल ओतली असावी, जी फिरत फिरत पंचगंगेला आली.

एक प्रश्न आमच्या तासगांवकडच्या पाहुण्यांनीं व्याख्यानाच्या आधींच लिहून दिला आहे कीं, तिकडे द्राक्षें होतात तर बेदाणा करतात काय. करतात. फार जुना धंदा आहे. काळ्या, बारीक, बी नसलेल्या द्राक्षांचा बेदाणा. इंग्रजींत त्याला करंट म्हणतात, तो शब्द कॉरिंथवरूनच आला आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत काय झालें तें बागाइतदारांनीं नीट ऐकावें. फ्रान्समध्यें द्राक्षवेलींच्या मुळांना कीड लागली आणि बागा उजाड झाल्या. तेव्हां फ्रेंच दारूवाले पेलोपोनेससचा बेदाणा वाटेल त्या भावानें उचलूं लागले. ग्रीक शेतकऱ्यांनीं शंभर शंभर वर्षांचे ऑलिव्ह तोडले, जवाचीं शेतें मोडलीं, कर्ज काढलें आणि सगळीकडे द्राक्ष लावलें. मग फ्रान्सनें अमेरिकेच्या जंगली खुंटांवर कलमें करून आपल्या बागा पुन्हां उभ्या केल्या, आणि १८९२ सालीं परक्या बेदाण्यावर जबर जकात बसविली. भाव कोसळला. १८९३ सालीं, कॉरिंथचा कालवा सुरू झाला त्याच सालीं, ग्रीक सरकारनें दिवाळें जाहीर केलें. १८९५ मध्यें कायदा झाला कीं बेदाण्याचा कांहीं हिस्सा परदेशीं पाठवूंच नये, म्हणजे बाजारांत माल कमी होऊन भाव चढेल. त्यानें फारसें भागलें नाहीं. ऑलिव्हचें झाड तोडायला एक दिवस लागतो आणि भरभरून फळायला तें वर्षांमागून वर्षें घेतें. ज्या पात्रासच्या बंदरांतून बेदाण्याच्या पेट्या परदेशीं जात, त्याच बंदरांतून पुढें गांवोगांवचीं जवान पोरें अमेरिकेच्या आगबोटींत चढलीं.